शाईचा नियम

"आडवा सात, तीन अक्षरं," शालनच्या पलंगाशी बसून मी वाचलं. "उलटा वाचला तरी तोच, आणि बघतो. नयन ना गं?"

तिनं माझं बोट दाबलं. अर्धांगाच्या झटक्यानं बायकोची वाचा गेली, पण उत्तर पटलं की ती बोट दाबते. मगच मी पेन उघडतो. दोघांचं एकमत झाल्याशिवाय शब्दकोड्याला शाई लावायची नाही, हा आमचा बत्तीस वर्षांचा नियम.

"बाबा, एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून बघा," दारातून मुलगी म्हणाली. आईला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाल्यापासून तिनं हेच लावून धरलं होतं.

म्हटलं, बघच आता. "उभा नऊ, दोन अक्षरं. पाय नाहीत, तरी डोंगर उतरते." शेंबडं पोरही नदी म्हणेल. मी ठासून म्हणालो, "खुर्ची."

शालननं बोट दाबलं. मघाइतकंच घट्ट.

मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिच्याकडे न बघता मी पेनाचं टोपण काढलं.

"एकमत झालंय," म्हणालो, आणि नदीच्या दोन घरांत शाईनं 'खुर्ची' लिहिलं.