कमानीखालचं लाकूड

चर्चचं दगडी छत आणि त्याखालचा लाकडी आधार यांच्यामधल्या फटीत ओर्दोन्योने गव्हाची काडी घातली. ती कुठेही अडखळली नाही; छत आता लाकडावर टेकलेलं नव्हतं. वसंतात तिथे नखसुद्धा शिरत नव्हतं. त्याने काडी काढून घेतली आणि बोटावर ओला चुना घेऊन फट बुजवली.

"काय करताय, मेस्त्री?" त्याच्या हाताखालचा जुना गवंडी वेयीदो खालून ओरडला.

"काही नाही. कोळिष्टकं काढतोय."

"कोळ्यांनी संसार थाटले त्या लाकडावर. आपण ते उतरवायचं कधी?"

"चुना वाळू दे."

"सुगी संपली, मेस्त्री. चुन्याचं आता हाड झालं असेल." वेयीदो हसला. पण हसता हसता तो छताखालून बाजूला सरकला, हे ओर्दोन्योने पाहिलं.

पाचरी ठोकून काढल्या की आधार खाली येणार. मग छत स्वतःच्या बळावर उभं राहणार, नाहीतर कोसळणार. मेस्त्रीने हुकूम दिल्याशिवाय पाचरीला हात लावायचा नाही, हा गवंड्यांचा नेम. ओर्दोन्यो हुकूम देत नव्हता. म्हाताऱ्याच्या हातातलं कसब गेलं, असं गावात बोललं जाऊ लागलं होतं.

दुपारी त्याची बायको तोदा उकडलेल्या हरभऱ्यांची दोन मडकी घेऊन आली. एक तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"आज काढणार?"

"आज नाही."

तिने रोखलेला श्वास सोडला. "बरं," ती म्हणाली. दुसरं मडकं शालीखाली धरून ती सरदारांच्या गढीच्या वाटेला लागली.

ती दिसेनाशी झाली तोच मठाधिपती फ्रुएला आले. मागून गढीचा कारभारी आन्सूरही आला. गवंडी हातोडे घेऊन गोळा झाले.

"मेस्त्री, रविवारी बिशप येतायत," मठाधिपती म्हणाले. "या लाकडाच्या जंगलात उभं राहून त्यांनी चर्चला आशीर्वाद द्यायचा का? आज काय ते सांग. काढायचं असेल तर काढ. काम फसलं असेल तर तसं बोल, आधार कायमचा ठेवून त्याच्याभोवती खांब चिणून घेऊ. मग मात्र तुला कोणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधायला देणार नाही."

"काढा हो, मेस्त्री," वेयीदो पुटपुटला. "पडलं तर पडलं. पण स्वतःच्या तोंडाने तसं बोलू नका."

"काढ रे बाबा," आन्सूर म्हणाला. "लाकूड सरदारांचं आहे. या माळावर ना झाड, ना झुडूप. वेशीवर फास उभारायला दोन खांब आणि एक तुळई मी आणू कुठून? चोर गढीच्या भिंतीवर लटकवला तर न्याय दिसत नाही म्हणतात सरदार." तो हसला. "एका मेंढीच्या चोरीपायी तुझा मेव्हणा उन्हाळाभर कोठडीत बसून जाड होतोय. त्यालाही सुटल्यासारखं वाटेल."

ओर्दोन्योने वर पाहिलं. इतकं चांगलं छत त्याच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

"काम फसलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाकूड निघणार नाही."