मेंढराची शपथ

शाळेतल्या सोंगांच्या सणासाठी घातलेलं अस्वलाचं मुंडकं सिन्नेच्या कानांवर घट्ट बसलं होतं. आत गोंदाचा वास कोंडला होता आणि तिचाच श्वास तिला मोठ्याने ऐकू येत होता.

"नीट दिसतंय ना?" शाळेच्या फाटकाशी बाबांनी विचारलं.

"हो. बाबा, उद्या मला आस्गेरशेजारी बसवतील."

"बसवू देत. माझं सांगणं लक्षात आहे ना? डोळ्यांत डोळे घालून बघायचं. पापणी हलवायची नाही, तोंड उघडायचं नाही. आपल्या बेटावर माजलेला बैलसुद्धा मागे सरायचा."

या नव्या शाळेत आल्यापासून सिन्ने तेच करत होती. उपयोग शून्य. ती पटांगणात आली की पोरं झोके सोडून पांगायची. डबा उघडला की तिच्या आजूबाजूची बाकं रिकामी व्हायची आणि ती राय धान्याचा काळा पाव एकटीच चावत बसायची.

आणि तो आस्गेर! वर्गातला सगळ्यांत दांडगा. तिच्याशी चकार शब्द बोलत नसे. रोज सकाळी तिच्या बाकावर एक सफरचंद ठेवायचा आणि पळ काढायचा. सिन्नेने एकही खाल्लं नव्हतं. आत अळी तरी असणार, नाहीतर साबण.

उद्या बोडिलबाई बाकांच्या नव्या जोड्या लावणार होत्या. ज्याने त्याने आपल्या सोबत्याचं नाव सांगायचं. ज्यांना कुणीच नाही, त्यांना बाई एकत्र बसवणार. आस्गेरचा सोबती नुकताच गाव सोडून गेला होता. म्हणजे उरले दोघंच.

मुंडक्याच्या आत सिन्नेने डोळे मिटले. 'देवा, एकच दे. कुणीही चालेल. फक्त तो सोडून.'

सभागृहात खाऊने भरलेलं, रंगवलेलं लाकडी पिंप फोडण्यासाठी दोरीला टांगलं होतं. सोंगं घेतलेली सगळी पोरं रांगेत उभी होती. एकेकाने पुढे जायचं, दांडक्याने पिंपावर हाणायचं, मग पुन्हा रांगेत. सगळ्यांत पुढे शिंगांचं शिरस्त्राण घातलेला वायकिंग योद्धा होता. त्याचा पहिलाच घाव असा दणदणला की सिन्नेने अंग चोरलं. एवढे रुंद खांदे आस्गेरशिवाय दुसऱ्या कुणाचे असणार!

तिच्या पुढे लोकर कोंबून टम्म फुगवलेलं एक मेंढरू उभं होतं. ते थरथरत होतं.

"थंडी वाजतेय?" अस्वलाने विचारलं. मुंडक्यातून तिचा आवाज घोगरा निघाला.

"छे. भीती वाटतेय," मेंढरू पुटपुटलं. "कुणाला सांगू नकोस हं. वर्गात एक जण आहे."

"मलाही वाटते! एकाच जणाची."

"शूऽ! नाव नको घेऊस. कुठल्या सोंगात असेल, काय सांगावं." मेंढराने मान वळवून बघितलं. "पण तुला रे कसली भीती? तू तर अस्वल!"

"वरून."

मेंढरू खुदकन हसलं. या शाळेत सिन्नेशी बोलताना आजवर कुणी हसलं नव्हतं.

"उद्याची जोडी ठरलीय तुझी?" मेंढराने हळूच विचारलं.

"नाही."

"माझीही नाही. बसू या एकत्र?"

सिन्ने त्याच्या जवळ सरकली. "पण मी कोण, तुला कुठे माहीत आहे?"

"आतून कुणीही निघ. घाबरट अस्वल चालेल मला. शपथ!"

"शपथ," अस्वल म्हणालं आणि केसाळ पंजाने मेंढराचा खूर घट्ट धरला.

रांग पुढे सरकत गेली, सगळ्यांचे घाव झाले आणि वायकिंगची पाळी परत आली. एका घावात पिंप फुटलं. संत्री आणि चॉकलेटं जमिनीवर घरंगळली, एकच गिल्ला झाला. वायकिंगने शिरस्त्राण काढून हवेत उडवलं. आतून एका मुलीच्या दोन लाल वेण्या खाली लोंबल्या.

सिन्नेने सगळी रांग नजरेखालून घातली. मग आस्गेर कुठे आहे?

"सुटलो बुवा!" मेंढराने मुंडकं उपटून काखेत मारलं. घामाने निथळणारा आस्गेर तोंडभर हसत होता. "नाहीतर बाई मला त्या सिन्नेशेजारी बसवणार होत्या. काय बघते रे ती, पापणीसुद्धा हलत नाही! शांत राहावी म्हणून रोज सफरचंद ठेवतो, तरी तशीच. सगळा वर्ग टरकतो तिला. चल, आता तू काढ तुझं मुंडकं."