सौम्य आम्लाची बाटली

"सर, कायच होत नाय."

राहीने परीक्षानळी उजेडात धरली होती. तळाशी संगमरवराचे खडे, वर बोटभर आम्ल. खडे गप्प पडले होते.

शेट्ये सर तिच्या टेबलाशी आले. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. लांज्याहून आलेले परीक्षक हेडमास्तरांच्या खोलीत सुरमईवर ताव मारत होते. प्रयोग सोपा होता. कार्बोनेटवर सौम्य आम्ल घातले की बुडबुडे येतात आणि तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. सरांनी हे फळ्यावर लिहून दिले होते. करून कधी दाखवले नव्हते.

त्यांनी बाटली नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. प्रयोगशाळेच्या शिपायाला त्यांनी दाराशी बोलावले.

"धाकू, ह्यात काय भरलंस?"

"पाणी. तपासणीच्या टायमाला तुमीच बोललात ना, सगल्या बाटल्या भरलेल्या दिसल्या पायजेत. अ‍ॅसिड तर कवाच संपलं."

तपासणी पार पडली होती. शेराही चांगला मिळाला होता. बाटल्या तशाच राहिल्या होत्या.

सरांनी राहीच्या शेजारच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर नजर टाकली. 'फसफसून बुडबुडे आले. निवळी दुधाळ झाली.' पलीकडे तेच. त्याच्या पलीकडेही तेच. सगळ्या नळ्यांत पाणी होते आणि सगळ्या वर्गाला बुडबुडे आले होते.

"ए राही, लिही की गो," मागून कुणीतरी म्हणाले. "तुझ्यासाठी काय समुद्र उसळायचा हाय?" वर्ग खुसखुसला.

खरे सांगावे तर परीक्षा रद्द. तपासणीतली लबाडी उघडी. हेडमास्तर कानांवर हात ठेवणार आणि निस्तरायचे सरांनी.

राही मिरकरवाड्याची. पहिला वर्ग मिळाला तर दापोलीला शेतकी शाळेत, नाही तर आईबरोबर बंदरावर कोळंबी सोलायला, असे घरात ठरले होते. तिची आई सगुणा शाळेत येऊन सांगून गेली होती, "सर, हिला तेवढी तिथून काढा."

सर तिच्या टेबलाशी वाकले. आवाज खाली आणून म्हणाले, "राही, बाय, नीट बघ. आलेत बुडबुडे."

राहीने नळीत पाहिले. मग सरांकडे.

"तुमाला दिसले, सर?"

"दिसले. लिही आता."

ती मान खाली घालून लिहू लागली. सरांचा जीव भांड्यात पडला. मुलगी शहाणी होती.

परीक्षक सुपारी चघळत आले. त्यांना एस.टी. गाठायची होती. उत्तरपत्रिका चाळत ते भराभर गुण टाकत गेले. एकीपाशी मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी लाल पेनाने शून्य काढले आणि ती सरांपुढे सरकवली.

"टवाळ दिसते कार्टी. करा सही."

निरीक्षणाच्या जागी राहीने लिहिले होते : 'बुडबुडे सरांना दिसले.'

सरांनी त्याखाली सही केली.