राणी कुणाकडे

पहिलाच हात गेला आणि रामहरी पानं पालथी ठेवून विचारात पडला. त्यानं सहा बदामची बोली लावली होती. तेरातले बारा हात करायचे, म्हणजे आता एकही सोडायचा नव्हता. समोर त्याची जोडीदार, सून प्रतिक्षा. तिची पानं टेबलावर उघडी मांडलेली; रामहरी सांगेल ते पान तिनं टाकायचं. सोलापूरच्या क्लबातला ब्रिजचा अंतिम सामना बदामच्या राणीवर येऊन अडला होता. ती डावीकडे की उजवीकडे एवढं ओळखलं, की काम फत्ते.

उजवीकडे उदयसिंह. त्यानं सुरुवातीलाच बोली लावली होती, म्हणजे मोठी पानं बहुधा त्याच्याकडे. डावीकडे शिवशरण. परवापरवापर्यंत रामहरीचा जोडीदार. यंदा त्यानं जोडी बदलल्याचं रामहरीला नोटीस बोर्डावर वाचून कळलं.

हिशेब उजवीकडचा होता. तेवढ्यात शिवशरणनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला.

रामहरीला गलबलून आलं. राणी हातात आली की हा गडी चष्मा पुसतो, हे गावात एका त्यालाच ठाऊक. अकलूजच्या स्पर्धेहून परतताना एसटीत रामहरीनंच त्याला काळजीनं बजावलं होतं, ‘दुसरं कुणी बघंल, सांभाळ.’ अजून सवय सुटली नाही बिचाऱ्याची. उदयसिंहाची बोली पोकळ असेल एखादवेळेस, हा चष्मा खोटा नव्हे.

त्यानं बदामची तिर्री टाकली. शिवशरणनं पंजी दिली.

“गुलाम,” रामहरीनं सुनेला सांगितलं.

उदयसिंहानं राणी टाकली.

“मामा, बोली तर त्यांचीच होती,” प्रतिक्षा हळूच म्हणाली.

रामहरी शिवशरणकडे बघत होता. “चष्मा का पुसलास?”

“सवय तूच सांगितलीवतीस की,” शिवशरण पानं गोळा करत म्हणाला.

चषक हातचा गेल्यातच जमा होता, त्याचं रामहरीला फारसं काही नव्हतं. मायेनं सांगितलेलं यानं जपलं ते असं वापरायला, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

पुढचा डाव वाटला. पंखा गरम वाराच फेकत होता. शिवशरणच्या कपाळावरचा घाम काचांवर ओघळला. मान तिरपी करून तो पानं लावू लागला. हात काही चष्म्याकडे जाईना.

रामहरीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

“पूस की,” तो म्हणाला. “मी बघत न्हाय.”