जिंकलेल्या घोड्याचं चित्र

मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या शर्यतीत घोडा जिंकला की हार घोड्याच्या गळ्यात पडायचा, आणि मोतद्दार गोवर्धन नुसता लगाम धरून शेजारी उभा राहायचा. घरी येऊन बायकोला, कुंतीला, हसत म्हणायचा, "अगं, धरायचं आपण, हार घोड्याला!" असाच उभा असताना एकदा एका चित्रकारानं त्याला घोड्यासकट रंगवलं. गोवर्धनची जन्मात तेवढीच एक छबी.

पंचाहत्तरच्या वादळात घोड्याच्या मालकाच्या बंगल्याबरोबर ते चित्रही गेलं. पुढं गोवर्धनही गेला, आणि पितृपक्षात पुजायला कुंतीकडं फोटोच नव्हता. मग कुणीतरी सांगितलं, त्या चित्राचं एका साली कॅलेंडर निघालं होतं. लेक बलराम गावोगाव विचारत हिंडला. शेवटी पांपलमूसच्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं भिंतीवरची त्या कॅलेंडरच्या चित्राची चौकट काढून दिली.

कुंती गंध उगाळून, हार ओवून बसली होती. बलरामनं चौकट पाटावर ठेवली आणि मान खाली घातली.

"आई, एवढंच मिळालं."

घोडा अख्खा होता, वरचा जॉकीही होता. कॅलेंडरच्या मापात बसवताना छापणाऱ्यानं कडेचा माणूस कापला होता. लगाम धरलेला हात तेवढा राहिला होता.

"आयो, एवढंच कसं? ह्यांचाच हात हाय. घोड्यानं चावलेलं बोट बघ की."

तिनं त्या बोटाला गंध लावलं, पदरानं डोळे टिपले आणि चौकटीला हार घातला.



हार बरोबर घोड्याच्या गळ्यात पडला.