बोटीवर आत्याबाई

चंपाबाईंनी पुन्हा मधोमधच सतरंजी अंथरली.

एका हाताला शेषराव, दुसऱ्या हाताला रुख्मिणी आणि मध्ये सासू. मुंबईहून पणजीला निघालेल्या बोटीच्या वरच्या डेकवर माणसं ऐसपैस पसरली होती. कोणी पत्ते कुटत होतं, कोणी ट्रान्झिस्टरला कान लावून पडलं होतं. वारा असा सुटला होता की बसल्या जागी डोळे मिटावेत. रुख्मिणीला मात्र वाटलं, आपण अकोल्याकडच्या मालेगावातल्या घराच्या ओसरीवरच बसलोय. फक्त ओसरी हलतेय, एवढंच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं तिला कधी अकोल्याचा बाजारसुद्धा दाखवला नव्हता. त्याचं पाण्याच्या इंजिनांचं दुकान बरं आणि तो बरा. मूल नव्हतं. त्यावरून चंपाबाईंनी तिला काय काय ऐकवलं नव्हतं! विहिरीवर चार बायांदेखत ‘वांझोटी’ म्हणायलाही त्या कचरल्या नव्हत्या. शेषराव खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. आणि एक दिवस अचानक तोच म्हणाला, “चाल, तुले समुद्र दाखवतो. आपन दोघंच.”

रुख्मिणीनं किन्हीराजाला माहेरी जाऊन ही गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली. शेषरावानं नवं पातळ आणलं. निघायच्या सकाळी दोघं एसटीजवळ पोचली, तर चंपाबाई वळकटी मांडीवर घेऊन गाडीत आधीच बसलेल्या.

“माय, तू कायले?” शेषरावाचा चेहरा पडला.

“कायले म्हंजे? मी नाही पाहू का समुद्र? मेल्यावर दाखवशीन?”

तेव्हापासून त्या दोघांच्या मधून हलल्याच नव्हत्या.

दुपार कलली तसा शेषराव उठला. “मांगं चाल,” तो रुख्मिणीला म्हणाला. “तिकडं गर्दी नाही. पान्याचा कसा फेस उठते, पाहासारखं आहे.”

रुख्मिणी पदर सावरत उठली.

“थांबा, मी बी येतो,” चंपाबाई म्हणाल्या.

गावात देवळाची पायरी चढताना दोनदा टेकणारी बाई हलत्या डेकवरून भराभरा चालत आली. कठड्याशी पोचताच ती दोघांच्या मध्ये घुसली आणि तिनं रुख्मिणीचा हात गच्च धरला. “मले भेव वाटते बाई. चाल, खाली बसू.”

फेस पाहायचा राहिला तो राहिलाच. ‘भीती वाटते तर आलात कशाला?’ हे शब्द रुख्मिणीनं मोठ्या मुश्किलीनं गिळले.

संध्याकाळी शेषराव शेजारच्या बिछान्यावरच्या एका मालवणच्या मास्तरांशी बोलत बसला. “आमच्या मंडळीले चक्कर येते हो,” तो सांगत होता. “पान्याकडं पाह्यलं का भानच राह्यत नाही तिले. जीव घाबरते माहा.”

रुख्मिणीनं ते ऐकलं. तिला जन्मात कधी चक्कर आली नव्हती. भरल्या दोन घागरी घेऊन ती चढ चढायची. पण हा माणूस आपली काळजी करतो आणि परक्यांपुढे बोलून दाखवतो, एवढ्यानंच तिला भरून आलं. मग तिनंही उगाच कपाळाला हात लावला आणि जरा मलूल होऊन बसली.

चंपाबाईंनीही ऐकलं होतं. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच फडक्यात ठेवला. “मले जेवाचं नाही,” असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. आता हे नवीन नाटक, रुख्मिणी मनात म्हणाली.

दिवस बुडता बुडता शेषराव तिच्या कानाशी वाकला. “माय झोपली का येजो मांगं. एकलीच.”

रुख्मिणी नव्या नवरीसारखी लाजली. ती सासूचा डोळा लागायची वाट पाहू लागली. पण सासू कण्हायला लागली होती.

“पोट दुखून राह्यलं वं. पाय दाब माहे.”

रुख्मिणी पाय दाबत बसली. हात जरा सैल पडला की “दाब, दाब.” शेषराव दोनदा येऊन उभा राहिला, दोनदा परत गेला. दाबता दाबता तिचाच डोळा लागला, तेव्हा तिचं मनगट म्हातारीच्या मुठीत होतं.

सकाळी तिघं पणजीला उतरली. रुख्मिणीच्या हाती समुद्र लागलाच नव्हता आणि नवराही नाही. “तुमी इथंच बसा, मी लॉज पाहून येतो,” शेषराव म्हणाला. “उद्या याच बोटीनं वापस.”

तो वळणाआड गेला आणि चंपाबाईंनी वळकटी उचलली. “उठ. एसटी कुठं भेटते, इचारलं मी. तुले किन्हीराजाले नेऊन सोडतो.”

रुख्मिणीचा बांध फुटला. “काहून? मी काय वाकडं केलं तुमचं, आत्याबाई? इतक्या वर्सात पह्यल्यांदा मानसानं मले जवळ बोलावलं, तं तुमी मंदात फतकल मारून बसल्या! नाही झालं मले लेकरू. पन नवरा तं माहाच होय ना? तो बी काढून घेता काय?”

लोक वळून पाहू लागले. एरवी एका शब्दाला दहा शब्द सुनावणाऱ्या म्हातारीनं वळकटी खाली ठेवली. वळणाकडे एकदा पाहून तिनं सुनेचा दंड धरला.

“निघाच्या आदल्या दिवशी त्यानंच मले सांगतलं, रुख्मिने. ‘येतानी मी एकलाच येईन, माय. लोकाइले सांगजो, बोटीवरून पाय घसरला तिचा.’”