दहापैकी किती

"दहापैकी चार," डॉक्टर कानडे म्हणाले आणि त्यांनी कार्ड बाजूला टाकलं. "पुढचं."

अपेक्षानं चार लिहिलं. बाहेर रुग्णांची गर्दी होती, पण डॉक्टरांनी तिच्यासाठी दुपारच्या चहाची वेळ मोकळी ठेवली होती. कार्डांचा गठ्ठा त्यांच्याकडे, आकड्यांचा कागद तिच्याकडे. प्रत्येक कार्डावर एक काल्पनिक रुग्ण: वय, राहण्याचा भाग, कर्करोग कुठवर पोचलाय, उपचार कोणते झाले. असे दहा रुग्ण असतील तर पाच वर्षांनी त्यांतले किती जिवंत असतील, एवढंच डॉक्टरांनी सांगायचं.

"म्हणजे अंदाज आम्ही मारायचे आणि त्याला संशोधन तुम्ही म्हणायचं," डॉक्टर म्हणाले. "बरंय की."

"सुरुवात तुमच्या अंदाजानं होते, सर. मग खऱ्या रुग्णांची माहिती येईल तसा तो दुरुस्त होत जातो."

"आणि अंदाज साफ चुकलेला असला तर?"

"तर दुरुस्त व्हायला जास्त रुग्ण लागतात."

डॉक्टर हसले. "चहा घे. धाप लागलीय तुला. जिन्यानं आलीस? लिफ्ट काय शोभेला बसवलीय?"

"लिफ्टला रांग होती."

"बाबा काय म्हणतात?"

"बरे आहेत. रोज सकाळी मंडईत जातात."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचं कार्ड उचललं.

फेब्रुवारीत याच खोलीत, दार लावून, ते बाबांशी बोलले होते. अपेक्षा आणि आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाबा बाहेर आले ते हसतच. "साधी गाठ होती, निघाली. आता औषधं घ्यायची, विषय संपला." रिक्षात मात्र कसबा पेठेतलं घर येईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. तेव्हापासून ते मंडईतून डाळिंबं आणत, दाणे काढून वाटी भरत, आणि त्या वाटीबद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. विद्यापीठ कुठे पळून जातंय?" गल्लीतली मुलं एकेक करून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांवर परदेशी चालली होती. त्यांची उदाहरणं देऊन वर्षभर तिच्यामागे 'अर्ज कर, अर्ज कर' लावलं होतं ते बाबांनीच.

जायचं की थांबायचं? ते ठरवायचं तर खरं कळायला हवं होतं, आणि खरं कुणी सांगत नव्हतं. आई स्वयंपाकघरात निघून जाई. डॉक्टरांना विचारलं की म्हणत, "छान चाललंय." म्हणून तिनं गठ्ठ्यात घरचं एक कार्ड सरकवलं होतं. फाइलमधून जसंच्या तसं उतरवलेलं. घरच्यांना डॉक्टर धीर देतात. कार्डाला कोण धीर देईल?

"सतरा नंबर," डॉक्टरांनी वाचलं.

तेच ते. अपेक्षानं पेन घट्ट धरलं.

डॉक्टरांनी कार्ड जरा लांब धरलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे बघितलं.

"आठ," ते म्हणाले. ती लिहीत नाहीसं बघून पुन्हा म्हणाले, "लिही की. आठ."

उरलेली कार्डं भराभर संपली. काय लिहिलं ते तिला नंतर आठवलंही नाही.

घरी पोचल्या पोचल्या तिनं सांगून टाकलं, "बाबा, मी ऑगस्टमध्येच जाते."

बाबा डाळिंब सोलत होते. हातातून एक दाणा निसटला. "जाशील," ते म्हणाले आणि तो उचलायला वाकले. एका दाण्यासाठी ते फार वेळ वाकून राहिले.

दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्र विभागातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत सलिल तिची वाट बघत होता. प्रकल्प दोघांचा होता.

"स्कार्फ काढ आता. गाडीवरून उतरलीस तू."

"एसी लागतो मला."

"एसी कॉम्प्युटरसाठी आहे, माणसांनी भोगायचा असतो." त्यानं खुर्ची वळवली. "बरं, जोड्या लावल्या मी."

प्रत्येक कार्डाला एक जुळं होतं. उत्तर देणारा माणूस आपल्या शब्दाला किती पक्का आहे, हे बघायला प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरोजिनी मॅडमनी लावलेला नियम. जुळी सलिलनं बनवायची आणि सगळा गठ्ठा त्यानंच पिसायचा. विचारणाऱ्यालाही ती कळता कामा नयेत. वय वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे, राहण्याचा भाग वेगळा. आजार, उपचार तेच. त्यामुळे उत्तर फारसं बदलायला नको.

"तुझे डॉक्टर म्हणजे दगडावरची रेघ," सलिल म्हणाला. "सगळ्या जोड्या जुळल्या. एकच बिनसलीय, आणि तीही कशी! सतरा नंबर."

अपेक्षा खाली बसली.

"जुळं कोथरूडचं, वय सव्वीस. म्हणाले, दोन. आणि मूळ कार्ड, तेच सगळं, कसबा पेठ, वय चोवीस, त्याला आठ! पेठ बदलली की माणूस मरतो काय?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "जोडीच काढून टाकू का?"

"नको."

"मग खरं कुठलं धरायचं?"

"दोन."

"कशावरून?"

"आठ म्हणताना ते माझ्याकडे बघत होते."

"मग?" सलिल म्हणाला.

अपेक्षानं स्कार्फ सोडून टेबलावर ठेवला. तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.